भ्र. म्हणजे भ्रतार

मराठवाड्यातला सातबारा ज्यांनी कधी हातात धरलाय, त्यांनी हे अक्षर पाहिलेलं असणार. गडीमाणसाच्या नावापुढं ‘पि.’, म्हणजे पिता, आणि बापाचं नाव. बाईच्या नावापुढं ‘भ्र.’ आणि नवऱ्याचं नाव. निजामाच्या अमदानीतल्या कागदात बाप्याला ‘वल्द’ असायचं आणि बाईला ‘जौजे’. निजाम गेला, वल्द गेलं, जौजे गेलं, नि त्यांच्या जागी हे दोन मराठी तुकडे येऊन बसले. भ्र. म्हणजे भ्रतार. बोलण्यात हा शब्द आता कुणाच्या तोंडी नाही. मी एकदा गंमत म्हणून आमच्या ह्यांना ‘अहो भ्रतार’ अशी हाक मारली, तर हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून ते म्हणाले, “काय झालं? बरं वाटत न्हाई का?” पण आमच्या खात्यात हा शब्द रोजच्या वापरातला. मी तो अख्खी नोकरी लिहिला, आणि त्यातला एक चुकीच्या जागी लिहिला. तेवढ्यासाठी हा लेख.

मी तलाठी म्हणून लागले तेव्हा निलंग्याकडं बाई तलाठी कुणी पाहिलेली नव्हती. जुनी माणसं तलाठ्याला अजून पटवारीच म्हणायची. पहिल्या दिवशी चावडीत टेबल पुसून बसले, तर एक म्हातारा येऊन दारात उकिडवा बसला. “पटवारी कवा येनार?” मी म्हटलं, “मीच.” त्यानं मान डोलावली. “बरं बरं. मग मालक कवा येनार?” त्याला वाटलं, मी पटवाऱ्याची बायको, नवरा जेवून येईस्तोवर राखण करून राहिले. तेव्हापासून मी पटवारीणबाई झाले. माझी जीभ आधीच तिखट, त्यात हे असं. गावानं मला बाईमाणूस म्हणून हलकं धरू नये म्हणून मी कायद्याच्या बाबतीत जरा जास्तच कडक राहिले. ‘नियम हाय’ हे दोन शब्द मी इतके वापरले की पोरं माझी नक्कल करायची.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सातबारा म्हणजे शेताची जन्मपत्रिका नव्हे, शेताचा आजचा फोटो. जमीन कुणाच्या नावावर, किती, सारा किती (तो इतका कमी असतो की वसुलीला जाताना आम्हालाच लाज वाटायची), पीक कोणतं, एवढं त्यात असतं. पण ती जमीन त्या माणसाकडं आली कशी, हे त्यात नसतं. ते फेरफारात असतं. खरेदी झाली, वाटणी झाली, कुणी मेलं, की तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद लिहितो, लोकांना नोटीस देतो, कुणाची तक्रार नसली तर वरचा मंडळ अधिकारी ती मंजूर करतो, आणि मग सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. म्हणून शहाणा माणूस सातबाऱ्यावर थांबत नाही. नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो, तो धरून मागं मागं जातो. हे मी नव्या पोरांना कित्येकदा शिकवलंय.

लोह्याला असताना एक आजोबा दर सोमवारी यायचे आणि आपला उतारा मागायचे. काही विकलेलं नाही, घेतलेलं नाही, भांडण नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, “आजोबा, गेल्या सोमवारीच दिला की! नाव काय पळून चाललंय का?” ते म्हणाले, “बाई, मानूस पळून जातंय, मग नाव काऊन जानार न्हाई?” मी हसले आणि दिला उतारा. त्या माणसाची भीती मला तेव्हा येडपटपणाची वाटली होती.

आता नागव्वाचं.

निलंग्याच्या पल्याड, कर्नाटकाच्या हद्दीला लागून माझ्या सज्ज्यातलं, म्हणजे माझ्याकडं नेमून दिलेल्या गावांतलं, एक गाव होतं. निम्मं गाव घरात कानडी बोलायचं. तिथला सिद्रामप्पा नावाचा लिंगायत शेतकरी वारला. त्याची बायको आधीच गेलेली. मागं एक मुलगा, वीरभद्र, आणि एक मुलगी, नागव्वा. वारसाची नोंद करायला दोघं चावडीत आले. मी सवयीनं विचारलं, “बहिणीचं हक्कसोड करायचं ना?” हक्कसोड म्हणजे बहिणीनं भावासाठी आपला हिस्सा सोडून द्यायचा, भावानं साडीचोळी करायची, आणि सगळ्यांनी मिळून त्याला माया म्हणायचं. वीरभद्र म्हणाला, “न्हाई बाई. अक्काचं नाव लागू द्या. वड्याकडचं शेत तिचं. आप्पा सांगून गेल्यात.” असा भाऊ मी नोकरीत फार कमी वेळा पाहिला.

नागव्वा तेव्हा पस्तिशीची असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळाला विभूती. लग्न झालं होतं काशिनाथ नावाच्या माणसाशी. दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून त्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. तेव्हापासून ती बापाच्या शेतात राबत होती. ती टेबलापाशी आली आणि म्हणाली,

“पटवारीनबाई, माझ्या नावाम्होरं आप्पाचं नाव लिवा.”

“लग्न झालंय ना तुमचं?”

“झालतं.”

“सोडचिठ्ठी हाय? कोर्टाचा कागद?”

“कशाची चिठ्ठी? बैलगाडीत बसवून आनलं अन् वेशीत उतरवलं. तीच चिठ्ठी.”

“मग भ्र. लागतं. लग्न झालेल्या बाईला भ्रताराचं नाव. नियम हाय.”

ती वहीकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहितेय ते तिला बरोबर कळत होतं. म्हणाली, “त्यानं मला घरात ठिवलं न्हाई, अन् तुमी त्याला माझ्या शेतात आनून बसवून राहिलाव.”

चावडीतली चार माणसं हसली. मीही हसले. तिनं मग आवाज खाली आणून जे सांगितलं, ते मी आजवर विसरलेले नाही. लिंगायतांत जाळत नाहीत, माती देतात, आणि ज्याचं स्वतःचं शेत आहे त्याला बहुतेक शेतातच देतात. सिद्रामप्पाची आणि तिच्या आईची समाधी त्याच ओढ्याकडच्या शेतात होती. नागव्वाला आपली माती तिथंच, आईबापाच्या पायथ्याला व्हायला हवी होती. “मी गेल्यावर काशिनाथाची मानसं हे नाव दावून येतील, बाई. मला उकरून काढतील.” मी म्हटलं, “काहीतरीच काय बोलता!” आणि लिहिलं, ‘नागव्वा भ्र. काशिनाथ’. अक्षर माझं लई वळणदार होतं. तिनं अंगठा उठवला.

खरं सांगते, मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा मी महिन्याच्या आत गॅझेटात देऊन सर्व्हिस बुकावर नवऱ्याचं नाव लावून घेतलं होतं. हेडक्लार्क म्हणाले होते, “बाई, तुमचं काम कसं टापटीप.” त्या टापटिपीचा मला अभिमान होता. एखाद्या बाईला ते नाव खुपू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पुरुष तलाठी असते तर निदान म्हणता आलं असतं की मला काय कळणार.

नंतर ती दिसली की हात जोडायची आणि विचारायची, “बाई, ते दोन अक्षरं?” मी म्हणायची, “बघू.” पुढं माझी बदली झाली, लोह्याकडं, मग किनवटाकडं इस्लापूरला. बढती होऊन मंडळ अधिकारी म्हणून परत निलंगा तालुक्यात आले, आणि नशीब बघा, तेच गाव माझ्या मंडळात.

त्या सुमाराला सगळे हाती लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललं होतं. चढवण्याआधी चावडी वाचन करायचं, असा हुकूम होता. म्हणजे गावाला गोळा करून प्रत्येक खातेदाराचं नाव, क्षेत्र मोठ्यानं वाचायचं, आणि कुणाचं काही चुकलं असेल तर तिथल्या तिथं सांगायचं. चांगली पद्धत होती. मारुतीच्या पारावर खुर्च्या टाकल्या. तलाठी वाचत होता, लोक ‘हाव, बरुबर’ म्हणत होते. ‘नागव्वा भ्र. काशिनाथ’ असं वाचल्यावर बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, “ते नाव माझं न्हाई.”

केस पांढरे झाले होते, पण उंची तीच. वीरभद्र तोवर वारला होता. त्याची एकुलती मुलगी सुमन, गावातच दिलेली, आत्याचा हात धरून उभी होती. तलाठी म्हणाला, “आज्जी, नागव्वा तुमीच ना?”

“नागव्वा मीच. पर काशिनाथाची न्हाई. सिद्रामप्पाची.”

गाव खो खो हसलं. कुणीतरी ओरडलं, “म्हातारपनी नवरा बदलायली!” तलाठी माझ्याकडं बघायला लागला. दुरुस्तीचा कागद त्याच्या पुढ्यातच होता. मी एक शब्द बोलले असते तर त्यानं तिथंच ओळ लिहिली असती, तहसीलदारांनी सही केली असती, आणि काम आठवड्यात झालं असतं. पण अजून चार गावं व्हायची होती आणि ऊन चढलं होतं. शिवाय सगळ्या गावापुढं आपणच लिहिलेलं आपणच चुकीचं कसं म्हणायचं? मी उठून म्हटलं, “आज्जी, तुम्हाला मागंबी सांगितलंय. लग्न झालेल्या बाईला भ्र. लावावंच लागतं. नियम हाय. बसा खाली.” ती लगेच नाही बसली. सुमननं तिला ओढून बसवलं. पुढचं नाव वाचलं गेलं.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी नागव्वा गेली. मला कळलंही नाही. सुमननं तिला तिच्या म्हणण्याप्रमाणं ओढ्याकडच्या शेतात, आईबापाच्या पायथ्याला माती दिली, दगडं मांडली, स्वामींना बोलावून सगळं रीतसर केलं. काशिनाथही कधीचा मेला होता. पण त्याच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा सातबारा घेऊन आला. नवऱ्याचं नाव आहे, मूलबाळ नाही, म्हणजे नवऱ्याचा वारस मी, असा त्याचा सरळ अर्ज. तलाठी नवा होता, त्यानं नोंद घेतली. नोटीस चावडीच्या फळ्यावर लागली. सुमन चावडीवर कशाला जाईल? मुदत संपली आणि नोंद मंजुरीला माझ्याकडं आली.

आमच्याकडं तेव्हा एकच घोष चालला होता, प्रलंबित नोंदी शून्य करा. मंजुरी आता शाईच्या सहीनं नसते. मशीनवर अंगठा ठेवायचा, नोंद मंजूर. आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे घेतले, आता माझाच अंगठा लागायचा. त्या दुपारी मी एकामागून एक नोंदी मंजूर करत गेले. नावं वाचत नव्हते, नुसते नंबर बघत होते. ‘नागव्वा भ्र. काशिनाथ, मयत’ माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी अंगठा ठेवला. शेजारी जुन्या फेरफाराचा नंबर होता. तो धरून रेकॉर्ड रूममधली वही काढली असती तर माझंच वळणदार अक्षर समोर आलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

पेन्शन सुरू झाल्यावर वर्षाभरानं सुमन लातूरला माझ्या दारात आली. मी ओळखलंच नाही. ती म्हणाली, “बाई, मी नागव्वाची भाची. त्यांनी शेत बटईनं लावलं. ट्रॅक्टर घातला. आत्याची, आज्जाची, आज्जीची, समद्यांची माती नांगरली.” ती भांडायला आली नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं की दगडं ओढ्यात टाकलीत, ती परत आणून मांडायला कुणाची परवानगी लागते. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी निलंग्याला गेले. रेकॉर्ड रूमवाल्यानं जुनी बाई म्हणून वही काढून दिली. नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘पिता मयत, वारस मुलगा व मुलगी’. कायदाही सरळ आहे. बाईला बापाकडून वारसानं आलेली जमीन, तिला मूलबाळ नसेल, तर तिच्यामागं बापाच्या वारसांकडं परत जाते, नवऱ्याच्या नाही. म्हणजे शेत सुमनचं. ते वाचून मी तिथंच बसले. मग मला दुसरी शंका आली, जी मला तीस वर्षांपूर्वी यायला हवी होती. लग्न झालेल्या बाईला भ्र.च लावावं, असा नियम कुठं आहे? मी महसूल संहिता काढली, परिपत्रकांच्या फायली काढल्या, दोन जुन्या नायब तहसीलदारांना फोन केले. एक म्हणाले, “बाई, आपण लिहायचो. आपल्या आधीचे लिहायचे. नियम कशाला पाहिजे?” बाईच्या इच्छेविरुद्ध तिच्या नावापुढं नवरा लावावाच, असं मला कुठंच सापडलं नाही. मी फक्त माझ्या आधीच्या पटवाऱ्याची वही बघून शिकले होते.

हे सुमनला सांगायला मी तिच्या घरी गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण धीर झाला नाही. तिनं भाकरी, तूरडाळीचं वरण आणि शेंगाची चटणी वाढली. मी घास न घेताच सगळं सांगितलं. नोंद मी लिहिली. चावडी वाचनात नागव्वाला खाली बसा म्हणाले ती मी. मंजुरी मी दिली. आणि नियम नव्हता.

तिनं वरणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, “आत्या शेवटपत्तुर म्हनायची, पटवारीनबाई वाईट न्हाई, तिचा बी हात नियमानं बांधलाय. आमी बी तेच धरून बसलो. नियम होता म्हनून गप बसलो, बाई. आता नियमच नव्हता म्हनून राहिलाव, तर मी कसं गप बसू?”

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं ताट माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, “जेवा. अन् हेच तिथं येऊन सांगा.”

मी सांगितलं. प्रांतसाहेबांपुढं अपील लागलं. उशीर माफ करावा म्हणून मी शपथपत्र दिलं, त्यात माझी चूक माझ्या नावानिशी लिहिली. ह्यांना धास्ती वाटली, पेन्शनवर काही येतंय का. आजवर काही आलेलं नाही, आणि आलं असतं तरी मी लिहिलंच असतं. तारखा चालू आहेत. काशिनाथाचा मुलगाही काही राक्षस नाही. एका तारखेला भेटला तेव्हा म्हणाला, “मला काय ठावं? दगडं आडवी आली, ट्रॅक्टरवाल्यानं काढली. कुनी सांगितलं असतं तर तेवढी जागा सोडली असती.”

मागच्या महिन्यात प्रांतसाहेबांनी जागेवर जाऊन पंचनामा करायला सांगितला. समाध्या होत्या हे दिसलं तर हे शेत सिद्रामप्पाच्या घराण्याचं, या म्हणण्याला बळ येतं. आताचा तरुण तलाठी, दोन पंच, मी आणि सुमन, असे आम्ही गेलो. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. कुठंही उंचवटा नव्हता, दगड नव्हता. रोटाव्हेटरनं सगळं एकसारखं केलेलं.

तलाठी म्हणाला, “ताई, जागा दाखवा. माप घेतो.”

सुमननं बांधावर चपला काढल्या आणि ती पिकात शिरली. ओढ्याकडं दहा-बारा पावलं गेली, थांबली. “हितं,” म्हणाली. मग मान हलवली, डावीकडं सरकली. “न्हाई, हितं आसंल.” परत मागं वळली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि एकाएकी तिनं उचललेलं पाऊल तसंच धरलं, साडीचा घोळ मुठीत आवळला, आणि जागच्या जागी उभी राहिली.

“बाई,” तिनं तिथूनच हाक मारली, “आता पाय कुठं टाकू?”

आम्ही चौघं बांधावर उभे होतो. तलाठ्याच्या हातात टेप होती, माझ्याकडं सगळे उतारे होते.